सहा दारं, एक कुलूप

"दिसते ती घाण धुता येते. न दिसणाऱ्या घाणीला नदी आणून ओतली तरी पुरत नाही."

बादलीमावशीचं हे वाक्य बाजारातल्या प्रत्येकाने ऐकलेलं होतं. नाक दाबून आलेल्या नव्या गिऱ्हाइकिणीला ती हे ऐकवायची, रुमाल तोंडाला लावून उपदेश करणाऱ्या साहेबाला ऐकवायची, आणि कुणीच समोर नसलं तर हातातल्या झाडूला ऐकवायची. आम्ही हसायचो. हसण्यासारखं त्यात काही नव्हतं हे कळायला मला तेवीस वर्षं लागली.

मी खेड्यातला माणूस. काकड्या आणि दुधी घेऊन या शहराच्या बाजारात येतो. शाळा चौथीपर्यंत, पुढचं लिहिणं-वाचणं रद्दीच्या कागदांनी शिकवलं, कारण काकड्या त्यातच बांधाव्या लागतात. त्यामुळे नगरपालिकेच्या पुस्तिकेत जसं लिहितात तसं मला लिहिता येत नाही, आणि येत नाही याचा मला अभिमान आहे.

बाजार नगरपालिकेच्या इमारतीच्या पाठीला पाठ लावून आहे. वर पत्रे, खाली दगडी ओटे, मधून एक गल्ली. गल्लीच्या टोकाला काळ्या दगडाची बुटकी इमारत, ती बायकांची शौचकूपं. बाहेर एक मोठं दार, आत सहा खोल्या, एक नळ आणि दगडी हौद. पुरुषांसाठी काय सोय होती ते विचारू नका. पुरुषांना भिंत पुरते, आणि भिंती शहरात पुष्कळ.

बाजारात पहिली गाडी उतरायला लागली की मावशी मोठं दार उघडायची. तिच्या दोन बादल्या होत्या. लोखंडी फरशीसाठी, निळी बायकांसाठी. या दोन बादल्यांची कधी अदलाबदल झाली असेल तर ती मी पाहिलेली नाही. पाणी ती पुढून ओतायची नाही. मागच्या कोपऱ्यात जायची, बादली तिरकी धरायची आणि पाणी सोडायची, कारण जुन्या गवंड्याने उतार तिकडून दिला होता. तिला हे काम शिकवलं तिच्या सासूने. सासू म्हणायची, "पाणी ओतू नकोस गं, पाणी चालव." ते पाणी खरोखर चालायचं. सहाही दारांपुढून शहाण्या म्हशीसारखं एका ओळीत जायचं आणि मोरीत उतरायचं. तिसऱ्या खोलीची कडी मोडलेली होती. आत कुणी गेलं की मावशी दाराला पाठ लावून उभी राहायची आणि मोठ्याने वांग्यांच्या भावावर बोलायची, म्हणजे आतलीला संकोच वाटू नये.

वास यायचा का? यायचा. खोटं कशाला बोलू. वर फिनेलचा आणि खाली शंभर वर्षांचा. पण मी त्याच्यापासून दहा पावलांवर बसून रोज शिदोरी खाल्ली आणि माझं पोट कधी बिघडलं नाही.

माझ्या आणि शौचकूपाच्या भिंतीच्या मध्ये एकच ओटा होता, मावशीच्या नणंदेचा. ती पालेभाजी विकायची. मावशीचा नवरा म्हणजे हिचा थोरला भाऊ. तो वारला, हिचाही संसार मोडला होता, तेव्हापासून दोघी एकाच खोलीत राहत होत्या. पहाटे एकत्र निघायच्या, गल्लीत शिरल्या की एक भाजीकडे वळायची आणि एक झाडूकडे. नणंद अंगाने भरलेली, तोंडाने त्याहून भरलेली. तिला साखरेचा आजार होता. तासातासाला उठावं लागायचं.

"वहिनी," ती ओट्यावरूनच ओरडायची, "आज फिनेल जास्त झालंय गं! माझ्या पालकाला वास लागला तर गिऱ्हाइकं तुझ्याकडे पाठवीन."

"पाठवा की ताई," आतून उत्तर यायचं. "तुमचा पालक खाऊन शेवटी त्यांना माझ्याकडेच यायचंय."

दोघींचं हे दिवसभर चालायचं. दमडीचा फायदा नाही, पण त्या हसण्यावर आमच्या गल्लीचा निम्मा दिवस पार पडायचा.

मावशीची नोकरी रोजंदारीची होती. सव्वीस वर्षं रोजंदारीची. दर वर्षी कायम करायच्या लोकांची यादी निघे आणि दर वर्षी यादीचं शेवटचं पान हरवे. तिला पगारापेक्षा त्या कागदाची भूक होती. "कागद मिळाला की मला कुणी 'उद्यापासून येऊ नकोस' म्हणू शकत नाही," ती म्हणायची. माणसाला एवढंच हवं असतं. सकाळी निघताना आपली जागा तिथे असेल याची खात्री.

मोठ्या दाराच्या वर एक दगडी पाटी होती. तिच्यावरची अक्षरं झिजलेली, पण सकाळचं ऊन तिरकं पडलं की वाचता यायची. "हे शौचकूप बाजारात येणाऱ्या बायकांसाठी बांधिले असून बाजार चालू असे तोवर खुले राहील." या पाटीची गोष्ट मावशीला सासूने सांगितली होती, सासूला तिच्या आत्याने.

फार मागे एकदा साथ आली. बाजारातल्या बायका तेव्हा नदीकाठी जायच्या, दुसरी जागाच नव्हती. पालिकेने ठराव केला की रोग या बायकांनी पसरवला, आणि नदीकाठ बंद केला, शिपाई बसवले. नवी जागा मात्र दिली नाही. मग बायकांनी काय करावं? त्यांनी भरलेल्या टोपल्या उचलल्या, पालिकेच्या दारात नेऊन ठेवल्या आणि त्यांच्याशेजारी बसल्या. विकायचं नाही, उठायचं नाही. नऊ दिवस. भाजी टोपल्यांत कुजली, तिला पाणी सुटलं, माश्या आल्या. वरच्या खिडक्या बंद करूनही साहेबांना वास जाईना. शहर नऊ दिवस कोरडं जेवलं. दहाव्या दिवशी गवंडी आला. "आपली इमारत कुजलेल्या भाजीवर उभी आहे," असं सासू सांगायची, आणि सांगताना तिची मान ताठ व्हायची.

आता पालिकेला किती वर्षं झाली कुणास ठाऊक, पण मोठा वर्धापनदिन आला. शहराचा इतिहास आणि आजची कामगिरी अशी दोन्ही एकत्र छापायची ठरली. पुस्तिकेचं नाव 'कालचे वैभव, आजची झेप'. इतिहास लिहायचं काम एका निवृत्त हेडमास्तरांना दिलं. ते वही घेऊन मावशीकडे आले. निळ्या बादलीवर पुठ्ठा टाकून तिने त्यांना बसवलं आणि साथीपासून गवंड्यापर्यंत सगळी गोष्ट सांगितली. हेडमास्तरांनी सगळं लिहून घेतलं. डोळेही पुसले. मी बघितलं.

छापून आलं ते असं: "तत्कालीन अध्यक्षांनी आपल्या दूरदृष्टीने बाजारातील भगिनींसाठी ही वास्तू उभारली."

मावशीने विचारलं, "गुरुजी, टोपल्या कुठं गेल्या?"

"अहो, वर्धापनदिनाच्या पुस्तकात कुजलेली भाजी बरी दिसत नाही," हेडमास्तर म्हणाले. "आणि वाद कशाला?"

ते गेल्यावर मावशी माझ्या ओट्यापाशी आली. "नऊ दिवस बसल्या त्या बायका," ती म्हणाली. "एका ओळीत पुसल्या. आमचा झाडूसुद्धा इतका चांगला चालत नाही."

पुस्तिकेबरोबरच फलक लागले. नवे दिवे एकशे चाळीस. बागा अकरा, त्यातल्या आठ म्हणजे रस्त्याच्या मधोमध ठेवलेल्या कुंड्या. महिलांची शौचालये सव्वीस. मावशीने मुकादमाला अडवलं. मुकादम म्हणजे तिच्यावरचा माणूस, हजेरी घेणारा.

"सव्वीस कुठली रे? मला तर पाच माहीत आहेत."

"खोल्या मोजल्यात, मावशी. तुझी एकटीचीच सहा झाली."

"असं का? मग माझ्या घराला एक दार आणि दोन खिडक्या आहेत. तीन घरांची मालकीण झाले की मी."

मुकादमही हसला. वाईट माणूस नव्हता तो. वाईट माणसं अशा कामांना लागतच नाहीत, हसून पुढे जाणारी पुरतात.

त्याच वर्षी स्वच्छ शहराचं बक्षीस जाहीर झालं. बाहेरून पाहणी समिती येणार, गुण देणार. बाजाराची धावपळ उडाली. काळ्या दगडाला गुलाबी रंग लागला. भिंतीवर कमळं काढली. दगडी पाटीला घासून तेल लावलं आणि वर काच बसवली. आणि आरोग्य निरीक्षक आला. तरुण, सुगंधी, पायात पांढरे बूट. बूट घाण होऊ नयेत म्हणून तो आमच्या गल्लीत टाचा उचलून चालायचा.

"मावशी, आज आत रगडून धुवा," तो म्हणाला. "आणि धुऊन कुलूप लावा. समिती येईपर्यंत अकरा दिवस. म्हणजे घाण होणार नाही."

मावशीला आधी वाटलं की तो थट्टा करतोय.

"साहेब, भांडी घासून ठेवायची आणि घरात जेवायचं नाही, असं?"

"अकरा दिवसांचाच प्रश्न आहे."

"या बायकांना अकरा तास निघणार नाहीत. पहाटे येतात, दुपारी जातात. जायचं कुठं त्यांनी?"

"काहीतरी सोय करतील. बायका समजूतदार असतात." मग तो आवाज खाली आणून म्हणाला, "तुमचं नाव या वेळी यादीत आहे. पहिल्या पानावर. बक्षीस लागलं की समारंभात पत्र स्वतः अध्यक्ष देणार आहेत. आता तुम्ही बघा."

मी ऐकत होतो. मला वाटलं ती झाडू फेकेल. पण ती आत गेली, मागच्या कोपऱ्यातून पाणी सोडलं, सहाही खोल्या धुतल्या, बाहेर आली आणि कुलूप लावलं. किल्ली कमरेला खोचली. माझ्याकडे बघितलं नाही, नणंदेकडे तर नाहीच.

हे मी लिहितोय कारण लोक तिची गोष्ट सांगताना हा भाग गाळतात. तिने कुलूप लावलं होतं. स्वतःच्या हाताने.

नणंद पहिल्या दिवशी हसली. "वहिनी, तुझं दुकान मंदीत गेलं वाटतं!" दुसऱ्या दिवशी ती कापडाच्या दुकानात विचारून आली, तिथलं शौचालय नोकरांपुरतं होतं. पालिकेच्या इमारतीत जिन्याच्या वर एक होतं, ते अधिकाऱ्यांपुरतं. तिसऱ्या दिवसापासून ती थट्टा करेनाशी झाली. चौथ्या दिवशी मला जाणवलं की गल्लीत बायकांचे आवाजच खाली गेले आहेत. कांदेवाली बोलत नव्हती, लिंबूवाली भावासाठी भांडत नव्हती. उन्हाचे दिवस, पत्रे तापलेले, आणि एकीच्याही ओट्यावर पाण्याची बाटली नव्हती. त्यांनी पाणी पिणं सोडलं होतं. ओठ सुकलेले, जीभ फिरवायची आणि भाव सांगायचा. मी दर तासाला भिंतीकडे जाऊन येत होतो. जाताना शीळ वाजवायचो. आज ती शीळ आठवली की तोंड कडू होतं.

सहावा दिवस. नणंदेसमोर दोन पिशव्यांची एक बाई उभी होती. पालकाची मागची जुडी हवी म्हणाली. नणंद ती काढायला अर्धी उठली आणि तशीच थांबली. मग हळूच खाली बसली. तिचा चेहरा मी पाहिला, एखाद्याने दार लावून घ्यावं तसा तो मिटला. भाजीवर शिंपडायच्या पाण्याचा डबा तिच्या शेजारी असायचा. तिने तो दोन्ही हातांनी उचलला आणि स्वतःच्या मांडीवर उपडा केला.

"अगं बाई, हात सटकला!" ती मोठ्याने हसली.

गिऱ्हाईक हसलं. मीही हसलो. "ताई, आज आंघोळ राहिली होती का?" असं काहीतरी बोललोही.

मावशी बंद दाराची पायरी पुसत होती. ती हसली नाही. तिने झाडू भिंतीला लावला, माझ्या ओट्याखालचं पोतं ओढलं आणि नणंदेपुढे पडद्यासारखं धरून उभी राहिली. मी हातभर अंतरावर होतो, म्हणून मला ऐकू आलं.

"वहिनी, कुणाला सांगू नकोस."

"काय सांगायचं? पाणीच सांडलंय."

"हो. पाणीच."

तेव्हा मला कळलं. माझ्या हातात काकडी होती, ती मी टोपलीत परत ठेवली. बावन्न वर्षांची बाई, भर बाजारात, आपल्या मालाच्या ढिगात. आणि तिच्या पाठीला टेकून सहा खोल्या धुतलेल्या, कोरड्या, रिकाम्या. त्या दिवशी मला शहराची किळस आली. मोरीची नाही आली कधी, त्या गुलाबी भिंतीची आली. (ही गोष्ट लिहू का, असं नंतर मी नणंदेला विचारलं. ती म्हणाली, "लिही की. लाज माझी नव्हती.")

मावशीने कमरेची किल्ली काढली आणि दार उघडलं. कुणी कुणाला हाक मारली नाही. कांदेवाली उठली, लिंबूवाली उठली, दुसऱ्या गल्लीतल्या उठल्या. माल तसाच टाकून रांग लागली.  मी बारा-पंधरा ओट्यांवर एकटा लक्ष ठेवून बसलो. तेवढंच माझ्या हातून झालं.

दुपारी मुकादम धावत आला.

"मावशी, डोकं ठिकाणावर आहे का तुझं?"

"डोकं आहे. बाकीच्यांची पोटं ठिकाणावर आणत होते."

"फरशी बघ! ओली!"

"वापरलेली फरशी ओलीच असते रे बाबा. कोरडी भांडी फक्त दुकानात असतात."

"साहेब मला कामावरून काढेल. तुझं पत्र तर फाडूनच टाकेल. आण ती किल्ली." तो थोडा थांबला आणि हात जोडल्यासारखे करून म्हणाला, "आण गं. पाच दिवस राहिलेत."

मावशीने किल्ली दिली. हेही लिहायला हवं. देताना तिचा हात कमरेशी घुटमळला, पण दिली. सव्वीस वर्षं एका कागदाकडे बघत बसलेल्या माणसाला आपण लांबून शहाणपण शिकवू नये.

दुसऱ्या दिवसापासून नणंद बाजारात येताना जाड कापडाच्या घड्या घेऊन येऊ लागली. मावशी रोज पायरी पुसायची. जी पायरी कुणी चढत नव्हतं ती पुसायची.

समिती आली. तीन गाड्या, काचा वर केलेल्या. गल्लीच्या तोंडाशी थांबल्या. मुकादम किल्ली हातात घेऊन पायरीवर ताठ उभा, शेजारी मावशी, अंगात पालिकेने दिलेला नवा निळा कोट, त्याच्या घड्या अजून मोडलेल्या नव्हत्या. निरीक्षक टाचा उचलत धावला. पहिल्या गाडीची काच खाली झाली. एक हात बाहेर आला, मोबाइल धरलेला. कमळांचा फोटो निघाला, काचेतल्या पाटीचा निघाला. काच वर झाली. गाड्या गेल्या. पुढे जेवणाचा कार्यक्रम होता म्हणे.

अकरा दिवस! आणि त्यांच्यातला एकही माणूस खाली उतरला नाही. मुकादमाने किल्लीकडे पाहिलं, मग मावशीकडे, आणि तिच्या नजरेला नजर न देता ती खिशात टाकली. निकाल लागेपर्यंत पुन्हा पाहणी होऊ शकते, म्हणून कुलूप तसंच राहिलं.

आठवडाभरात बक्षीस लागलं. पालिकेच्या सभागृहात समारंभ झाला. बाजारातल्या लोकांना मागच्या खुर्च्या होत्या. पुस्तिका नवं मुखपृष्ठ लावून पुन्हा छापून वाटल्या. मुखपृष्ठावर आमची गुलाबी इमारत. अध्यक्षांनी भाषण केलं की या शहराने स्त्रियांचा मान नेहमीच राखला आहे, आमच्या पूर्वसुरींनी दूरदृष्टी दाखवली आणि आम्ही ती पुढे नेत आहोत. टाळ्या झाल्या. नणंद माझ्या शेजारी बसली होती. तिने टाळ्या वाजवल्या नाहीत. तिचे हात मांडीवर एकावर एक घट्ट ठेवलेले होते, आणि दर थोड्या वेळाने ती दाराकडे बघत होती. मग ती उठली आणि जिना चढून वर गेली. लगेच खाली आली.

"आहे का?" मी विचारलं.

"अधिकाऱ्यांपुरतं," ती म्हणाली.

मावशीला व्यासपीठावर बोलावलं. पत्र दिलं, फोटो काढला. खाली आल्यावर ती पायऱ्यांवर बसून वाचू लागली. तिला वाचता येत होतं, पण बोट ठेवून. बोट चाललं, चाललं, आणि एका ओळीवर थांबलं. तिने कागद माझ्याकडे दिला. "हे मोठ्याने वाच."

मी वाचलं. "सदर वास्तू वारसा म्हणून जतन करण्यासाठी कायमस्वरूपी बंद ठेवण्यात येत असून, आपली नेमणूक वास्तुरक्षक या पदावर करण्यात येत आहे. वास्तूचा कोणीही वापर करणार नाही याची आपण दक्षता घ्यावी."

"आणि बायका?" नणंदेने विचारलं.

पुढची ओळ होती. नवं शौचालय बसस्थानकापलीकडे प्रस्तावित आहे. बाजारातून ते पाव तासाच्या चालीवर. आणि प्रस्तावित म्हणजे काय हे शहरातल्या माणसाला सांगायची गरज नाही.

तेवढ्यात निरीक्षक आला, खूश. "अभिनंदन मावशी! सुटलात. आता हातात झाडू नाही. खुर्ची मिळेल. बसायचं, आणि कुणी आत जात नाही ना, एवढं बघायचं." त्याने मुकादमाकडून किल्ली घेतली आणि तिच्या तळहातावर ठेवली.

मावशीने किल्लीकडे बघितलं, मग त्याच्या पांढऱ्या बुटांकडे. मी तिला उलटी होईल की काय म्हणून बाजूला सरलो. इतकी वर्षं लोकांची घाण काढणाऱ्या बाईच्या चेहऱ्यावर तसा भाव मी कधी पाहिला नव्हता.

"साहेब," ती म्हणाली, "तुमच्या बुटाला काहीतरी लागलंय."

तो दचकून पाय वर करून बघू लागला. काही लागलेलं नव्हतं. ती उठून निघून गेली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी शौचकूपाच्या दारात नवी खुर्ची होती, पाठीवर पालिकेचा आकडा रंगवलेला. बाजार भरला होता. मावशी आली ती खुर्चीवर बसली नाही. समोरच्या तराजू दुरुस्तीवाल्याकडे गेली आणि पेचकस मागून आणला. आधी कुलूप उघडून काढलं, मग दाराच्या कडी-कोयंड्याला भिडली. स्क्रू गंजलेले. तिने तेलाचे थेंब सोडले, वाट बघितली, पुन्हा जोर केला.

नणंद ओट्यावरून उतरून आली. "वहिनी, काय करतेस? कागद जाईल तुझा."

"जाऊ दे."

"सव्वीस वर्षं, वहिनी!"

"ताई, तुम्हाला जायचंय की नाही?"

नणंदेने पदर खोचला. "जायचंय," ती म्हणाली.

"मग बोलू नका. तो कोयंडा खालून धरा."

दोघींनी मिळून तीन स्क्रू काढले. चौथा निघेना, तेव्हा तराजूवाला स्वतः आला आणि त्याने तो हातोडीने उचकटला. दाराला आता चार भोकं राहिली. कुलूप लावायला काहीही उरलं नाही. मुकादम आला होता. गर्दी बघून तो खुर्चीत बसला, मग बसणं बरं दिसत नाही म्हणून उठला.

"मावशी, मी आता वर काय सांगू?"

"तू काही सांगू नकोस. मीच चाललेय."

तिने आत जाऊन निळी बादली नळाखाली लावली, भरली आणि हौदापाशी ठेवली. मग लोखंडी बादलीत कडी टाकली, कोयंडा टाकला, कुलूप, किल्ली, चार स्क्रू, आणि सगळ्यांवर ते घडी घातलेलं पत्र.

"मालमत्ता पालिकेची आहे," ती म्हणाली. "जमा करून येते. पोच घेतल्याशिवाय देणार नाही."

आणि ती निघाली. वजनाने एका बाजूला कललेली, निळा कोट न घातलेली, जुन्या कपड्यांत. बादलीत लोखंड खणखणत होतं. गल्ली तिला वाट देत गेली. टोपल्या सरकल्या, पाय आखडले. पालिकेच्या मागच्या दारात शिपाई उभा होता, तोही बाजूला झाला.

तराजूवाला हातोडी घेऊन बघत राहिला. मुकादम रिकाम्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून बघत राहिला. कांदेवाली, लिंबूवाली आणि माझं एक गिऱ्हाईक बघत राहिले. मी उभा राहून बघितलं, ती जिना चढून वळेपर्यंत.

तिची नणंद बघणाऱ्यांत नव्हती. ती आत होती.